‘मॅडम, पाणी नंतर चढलं’: निरीक्षण आणि अनुमान शिकवताना

नव्याने रुजू झालेले विज्ञान शिक्षक मला हमखास विचारतात, निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक मुलांच्या डोक्यात उतरत नाही, काय करू? व्याख्या तुम्हाला येतात, बी.एड.ला पाठही घेतलेत, म्हणून त्या सांगत बसत नाही. मी कुठे फसले ते सांगते.

पहिल्याच वर्षी आठवीवर मेणबत्तीचा प्रयोग घेतला. ताटात पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वरून काचेचा पेला उपडा. पाणी मागच्या बाकापर्यंत दिसावं म्हणून शाईचे चार थेंब टाकले होते. वेळ वाचावा म्हणून फळ्यावर आधीच लिहून ठेवलं: ‘निरीक्षण: पेल्यातला ऑक्सिजन संपला, मेणबत्ती विझली, ऑक्सिजनच्या जागी पाणी चढलं.’ पाणी चढलंही साधारण पाचव्या हिश्श्याइतकं. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के, म्हणजे हिशेब जुळला. मुलं उतरवून घेऊ लागली. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची मुलगी उठली. "मॅडम, पण पाणी नंतर चढलं. मेणबत्ती विझल्यावर." मी म्हटलं, "फळ्यावरचं लिहून घे, तास संपत आलाय." ती खाली बसली.

त्या तासाला खरं निरीक्षण एकट्या तिने केलं होतं आणि मी तिला गप्प बसवलं. हे अजून टोचतं.

त्या रात्री ओट्यावर तोच प्रयोग पुन्हा केला. पेला टेकवल्या टेकवल्या काठाखालून दोन-तीन बुडबुडे निसटले. ज्योत जळत होती तोवर पाणी जेमतेम हललं. ज्योत विझली आणि मग पाणी भरभर वर आलं. तिचं बरोबर होतं. ऑक्सिजन खर्च होतोय म्हणून पाणी चढत असतं, तर ते जळताना चढायला हवं होतं. मग एका पेल्याखाली तीन मेणबत्त्या लावल्या. पेला तोच, ऑक्सिजन तेवढाच, तरी पाणी आणखी वर गेलं. ज्योतीने हवा तापते, पसरते, थोडी बाहेर पडते. ज्योत विझल्यावर उरलेली हवा निवते, आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. ऑक्सिजन थोडा खर्च होतो, पण त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते. शिवाय बराचसा ऑक्सिजन शिल्लक असतानाच मेणबत्ती विझते. तो पाचवा हिस्सा निव्वळ योगायोग होता.

सापळा नीट समजून घ्या, कारण तो एकट्या मेणबत्तीपुरता नाही. चुकीचं अनुमान सांगितलं ही माझी दुसरी चूक. पहिली चूक अशी की ते अनुमान मी ‘निरीक्षण’ या शब्दासमोर लिहिलं. ‘ऑक्सिजन संपला’ हे वर्गात कुणालाही दिसलेलं नव्हतं. एकदा ते निरीक्षण म्हणून वहीत गेलं की त्यावर शंका घ्यायची सोयच राहत नाही. संगमरवरी तुकड्यांवर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की मुलं बिनधास्त लिहितात, ‘कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला.’ दिसले ते बुडबुडे. दिसली ती दुधाळ झालेली चुन्याची निवळी. निवळी सल्फर डायऑक्साइडनेही दुधाळ होते, तेव्हा तिखट वास आला का, हेही लिहायला हवं. ‘बोअरचं पाणी स्वच्छ आहे’ हेसुद्धा अनुमानच. दिसतं ते एवढंच की पाणी पारदर्शक आहे. आणि ‘पांढरं पाणी’ लिहिणाऱ्याला रंगहीन हा शब्द त्याच क्षणी द्या, नाहीतर दूध आणि पाणी वहीत एकाच रंगाचं होईल.

आता मी फळा कोरा ठेवते. पहिली पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, जे घडलं ते घडलं त्या क्रमाने लिहायचं. वायूचं नाव घ्यायचं नाही. ‘म्हणून’ आणि ‘कारण’ हे शब्द निरीक्षणाच्या रकान्यात चालणार नाहीत. अनुमानाच्या वाक्यात ‘असावं’ हवंच, आणि शेजारी एक प्रश्न: दुसरं काय कारण असू शकेल? अंगण ओलं दिसलं तर पाऊस पडला असावा, नाहीतर कुणी सडा टाकला असावा. मग रस्ता ओला आहे का, ते जाऊन बघ.

‘पाच ज्ञानेंद्रियांनी कळतं ते निरीक्षण’ हा तक्ता भिंतीला लावून मोकळे होऊ नका. तापमापीवरचे ३७ अंशही निरीक्षणच. गाइडमधली तयार निरीक्षणं तर वर्गात येऊच देऊ नका, या बाबतीत मी कडक आहे. मार्गदर्शकांचं म्हणाल तर मला प्रशिक्षणांपेक्षा प्रयोगशाळेतल्या मामांनी जास्त शिकवलं. निवळी शिळी आहे की प्रयोग फसलाय, हे ते बाटलीकडे बघून सांगायचे.

मात्र दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. महिनाभर असं शिकवलं की मुलांना वाटू लागतं, अनुमान म्हणजे चूक. तेव्हा मी त्यांना भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांची गोष्ट सांगते. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असं रॅली यांच्यासारख्या मोठ्या शास्त्रज्ञाचं मत होतं. १९२१ च्या समुद्रप्रवासात रामन यांनी निकोल प्रिझममधून, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पार जाऊ देणाऱ्या स्फटिकातून, पाहिलं. पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश त्यातून अडवला, तरी पाणी निळंच दिसत राहिलं. रॅलींचं अनुमान स्पष्ट मांडलेलं होतं, म्हणूनच ते तपासता आलं.

प्रात्यक्षिक परीक्षेची भीती वाटेल, ती मलाही वाटली होती. बुडबुडे आले, निवळी दुधाळ झाली, म्हणून वायू कार्बन डायऑक्साइड असावा, असं ज्याच्या त्याच्या रकान्यात लिहिलं म्हणून माझ्या मुलांचे गुण कधी गेले नाहीत. पहिल्या सत्रात वह्या गबाळ्या दिसतील, कुणी ‘मेणबत्ती रडली’ असंही लिहील. चालू द्या. दिवाळीनंतर फरक दिसतो.

मेणबत्तीचा प्रयोग मी दरवर्षी घेते. पिशवीत तीन मेणबत्त्या असतात, पण पहिल्यांदा एकच काढते. पाणी कधी चढलं, हे कुणीतरी सांगेपर्यंत बाकीच्या दोन बाहेर काढत नाही.