थंडीतलं तळं आणि गोल्डफिश: या चुका टाळा

तळ्यावर बर्फाचा पहिला पापुद्रा दिसला की जीव वर-खाली होतो. मासे आत कसे असतील, काही करायला हवं का? या काळजीपोटी जी धावपळ होते, तिच्यातच बहुतेक चुका घडतात. साधा गोल्डफिश थंडीला पुरून उरणारा मासा आहे. कार्पच्या कुळातला हा मासा बर्फाखालच्या ४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे काढतो. हिवाळ्यात मासे दगावतात ते बहुधा गुदमरून, न पचलेल्या अन्नाने किंवा कोणीतरी पाणी ढवळल्यामुळे.

थंडीत खायला घालणं

ही चूक सर्वात जास्त होते, आणि तीही मायेपोटी. दुपारी ऊन पडलं की मासे वर येतात, काठाजवळ घुटमळतात, आणि आपला हात आपसूक दाण्यांच्या डब्याकडे जातो. तो आवरा. गोल्डफिशला जठर नसतं, अन्न थेट आतड्यात उतरतं. पाणी थंड झालं की पचन इतकं मंदावतं की खाल्लेलं तसंच पडून राहतं. न खाल्लेले दाणे तळाशी कुजतात, अमोनिया वाढतो, आणि तो पचवणारे फिल्टरमधले जिवाणूही थंडीने सुस्तावलेले असतात.

दोरीला बांधलेला थर्मामीटर पाण्यात खोल सोडा आणि त्याच्यावरच विश्वास ठेवा, हवेच्या तापमानावर नको. पाणी १५ अंशांच्या खाली गेलं की गव्हाच्या अंकुरापासून केलेले पचायला हलके दाणे, तेही थोडे. १० अंशांच्या खाली खाणं पूर्ण बंद. मासा उपाशी मरेल ही भीती मनातून काढून टाका. पाणी उबदार असताना त्याने चांगलं खाल्लं असेल, तर अंगातल्या चरबीवर तो हिवाळा निभावतो. मध्येच दोन दिवस ऊब आली म्हणून सुरुवात करू नका, पुन्हा गारठा पडला की पोटातलं अन्न पोटातच राहील.

तळाचं पाणी ढवळणं

पाणी ४ अंशांना सर्वात जड असतं. म्हणून शांत तळ्यात ते पाणी तळाशी बसतं आणि त्याहून थंड पाणी वर राहून गोठतं. तळाचा तो थर म्हणजे माशांची गोधडी. तळाशी ठेवलेला पंप किंवा एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) हीच गोधडी ओढून घेतो: वरचं गोठू घातलेलं पाणी खाली जातं, खालचं वर येतं आणि सगळं तळं एकसारखं गार होतं. एअर स्टोन बंद करायची गरज नाही. तो एका कडेला, पृष्ठभागापासून २०-३० सेंटिमीटर खाली टांगा. कारंजं आणि धबधबा मात्र कडाक्याच्या थंडीत बंदच बरे. त्यांच्यामुळे पाणी झपाट्याने गार होतं, शिवाय बाहेरचा पाइप गोठून फुटला तर पंप रात्रभरात तळं रिकामं करून टाकू शकतो.

तळं उथळ असेल तर ही गोधडीच नसते. थंडी सौम्य असेल तिथे निदान ६० सेंटिमीटर आणि पाणी जाड गोठत असेल तिथे ७५ ते ९० किंवा त्याहून जास्त खोली हवी. उथळ टबातले मासे थंडी सुरू होण्याआधीच हलवा.

बर्फावर घाव घालणं

हातोडी, पहार, टाच, काहीही नको. घावाचा हादरा पाण्यातून थेट माशांच्या अंगात जातो. अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या रेषेतल्या ज्या संवेदनेने मासा पाण्यातली बारीकशी हालचाल टिपतो, तिच्यावरच हा आघात होतो. बिचारे मासे दचकून सैरावैरा पळतात आणि जपून ठेवलेली शक्ती खर्च करतात.

कोंडलेले वायू बाहेर पडायला बर्फात एक भोक हवं; त्यासाठी जाड बुडाचं पातेलं गरम पाण्याने भरा, कडीला दोरी बांधा आणि बर्फावर ठेवून द्या. काही वेळाने बुडाभोवती पाण्याची चकाकती कड दिसते, मग पातेलं किंचित कलतं. तेव्हाच दोरी ओढून ते उचला, खाली गोल भोक पडलेलं असतं. गरम पाणी थेट तळ्यात ओतू नका. थंडी लांबणार असेल तर तरंगता हीटर घ्या. तो सगळं तळं तापवत नाही, एवढं भोक उघडं ठेवतो, आणि तेवढंच पुरेसं असतं. भोक उघडं राहावं म्हणून सोडलेला तरंगता चेंडू हलक्या हिमाला पुरतो, कडक गोठण्याला नाही.

बर्फावर साठलेलं हिम काठावरून झाडूने लोटा, बर्फावर पाय ठेवू नका. हिमामुळे आत उजेड पोचत नाही, मग पाण्यातल्या वनस्पती ऑक्सिजन सोडायच्या थांबतात.

पालापाचोळा तसाच राहू देणं

थंड पाण्यात ऑक्सिजन उलट जास्त विरघळतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ० अंशाला १४.६. मग मासे गुदमरतात का? कारण बर्फाने झाकण लागतं आणि तळाशी कुजणारी पानं आतला ऑक्सिजन खात राहतात. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू कोंडले जातात. पानगळ सुरू होताच तळ्यावर जाळी ताणा, पडलेली पानं काढा, जास्तीचा गाळ उपसा. बर्फ आल्यावर गाळाला हात लावू नका, त्यातले वायू एकदम मोकळे होतात.

ऑक्सिजन संपला तरी गोल्डफिश काही काळ तग धरतो. स्नायूंत साठणाऱ्या लॅक्टिक आम्लाचा तो अल्कोहोल करतो आणि कल्ल्यांतून बाहेर टाकतो. ही प्रक्रिया कोणत्या विकरामुळे (एन्झाइममुळे) होते, ते २०१७ साली शास्त्रज्ञांनी उलगडून दाखवलं. विलक्षण क्षमता आहे, पण ती त्याची शेवटची शिदोरी आहे. ती वापरायची वेळ आपण त्याच्यावर आणू नये.

सगळ्या जाती सारख्या समजणं

साधा गोल्डफिश, कॉमेट आणि शुबंकिन बाहेर राहू शकतात. ओरांडा, र्‍युकिन, टेलिस्कोप, बबल आय अशा गोलमटोल जातींना थंडी झेपत नाही. त्यांना पाणी १५ अंशांवर असतानाच घरातल्या टाकीत घ्या, टाकीत तळ्याचंच पाणी भरा आणि टाकी खोलीतल्या हीटरजवळ ठेवू नका.

काही बिघडलंय असं वाटलं तर

मासे तळाशी एका जागी, पर मिटून, कल्ल्यांची झडप सावकाश हलवत उभे असतील तर सगळं ठीक आहे. काठीने डिवचून बघू नका.

मासे भोकाशी जमून तोंडाची उघडझाप करत असतील तर ऑक्सिजन कमी पडतोय. भोक वाढवा, उथळ भागात एअर स्टोन सुरू करा. पाणी बदलावंच लागलं तर दहावा हिस्सा, क्लोरीन काढलेलं, तापमान जवळपास तळ्याइतकं.

एखादा मासा आडवा होऊन तरंगत असला तरी कल्ले हलताहेत का ते आधी बघा. हलत असतील तर त्याला तळ्याच्याच पाण्याच्या बादलीत घ्या आणि बादली थंड खोलीत ठेवा, म्हणजे पाणी सावकाश, तासातासाने तापेल. गरम खोलीत नेलं तर तो धक्काच त्याला संपवेल.

बर्फ वितळल्यावर लगेच खाणं सुरू करू नका. पाणी सलग काही दिवस १० अंशांच्या वर राहिलं की चिमूटभर हलके दाणे टाका आणि ते संपतात का बघा. याच काळात परजीवी माशांच्या प्रतिकारशक्तीआधी जागे होतात. म्हणून रोज दोन मिनिटं काठाशी बसून अंगावर पांढरे ठिपके, खरचटल्यासारखे लाल डाग किंवा दगडावर अंग घासणं दिसतं का ते पाहा.