टोकियोत पहिल्या बैठकीला वेळेवर कसे पोहोचावे

टोकियोला कामानिमित्त प्रथमच जाणाऱ्याने त्या शहराची ओळख रेल्वे स्थानकापासून करून घ्यावी, कारण दिवसभराचे सारे वेळापत्रक तिथेच साधते किंवा बिघडते. नारिता विमानतळ शहराच्या मध्यभागापासून सुमारे ६० किलोमीटर दूर आहे आणि हानेदा बरेच जवळ. शिवाय जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असल्याने तिथली सकाळी नऊची बैठक आपल्या शरीराला पहाटे साडेपाचची वाटते. म्हणून शक्यतो एक दिवस आधी पोहोचावे.

उतरताच सुइका किंवा पास्मो कार्ड घ्यावे. रेल्वे, मेट्रो आणि बस या तिन्हींना ते चालते. खरी कसोटी बाहेर पडताना लागते. शिंजुकू स्थानकाला बाहेर पडण्याचे २०० हून अधिक मार्ग आहेत आणि चुकीच्या दाराने बाहेर आल्यास सहज पंधरा मिनिटे जातात. फलाटावर उतरल्यावर लोंढ्याबरोबर वाहत न जाता बाजूला उभे राहावे, पिवळ्या फलकांवर आपल्या दाराचे नाव किंवा क्रमांक शोधावा आणि मगच जिना चढावा. बहुतेक रस्त्यांना नावे नसतात, पत्ता विभाग आणि इमारतीच्या क्रमांकांवर चालतो; त्यामुळे यजमानांकडून इमारतीचे नाव, जवळचे स्थानक आणि दाराचा क्रमांक आधीच लेखी मागून घ्यावा, आणि जमल्यास आदल्या संध्याकाळी तो रस्ता एकदा चालून पाहावा. मुंबईच्या लोकलची सवय असलेल्याला गर्दीचे नवल वाटणार नाही, परंतु त्या गर्दीतली शांतता मात्र मन जिंकून घेते. डब्यात फोनवर बोलणे टाळावे.

बैठकीला दहा मिनिटे आधी हजर असावे. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी, अक्षरे समोरच्याला वाचता येतील अशी धरून द्यावे. मिळालेले कार्ड नीट वाचून बैठक संपेपर्यंत टेबलावर समोर ठेवावे, लगेच खिशात घालू नये.

शाकाहारी माणसाने जेवणाची सोय आधीच पाहावी, कारण वरकरणी भाज्यांचे दिसणारे सूपही बहुधा सुकवलेल्या माशाच्या अर्कावर केलेले असते. एडोगावा प्रभागातील निशि-कासाई येथे भारतीयांची मोठी वस्ती आहे, तिथे भारतीय जेवण आणि वाणसामान मिळते. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच प्रभागाच्या सभेवर निवडून आले. तिथे रात्री जेवायला गेल्यास परतीची शेवटची गाडी आधी पाहून ठेवावी, कारण मध्यरात्रीच्या सुमारास गाड्या बंद होतात आणि टॅक्सी फार महाग पडते.