जेल प्रायव्हेट करावे का? डिबेटची तयारी अशी करा

इंदूरात कॉलेजच्या डिबेटमध्ये नाहीतर एमपीपीएससीच्या इंटरव्ह्यूत हा विषय निघाला की मुलं सरळ अमेरिकेवर उडी मारतात आणि तिथेच अडकतात, म्हणून आधी घरचं बघा. जेल हा राज्याचा विषय, सातव्या अनुसूचीत राज्यसूचीची 4 नंबरची नोंद, म्हणजे आपलं इंदूरचं सेंट्रल जेल भोपाळच्या अखत्यारीत. आणि कंपनीने चालवलेलं जेल आपल्याकडे नाहीच, त्यामुळे "बंद करा" असं भाषण ठोकू नका, हसतील.

आता अमेरिका. "तिकडे बंद झाले" असं कोणी म्हटलं की विचारा, कोणाचे आणि कधी? ऑगस्ट 2016 मध्ये ओबामांच्या न्याय खात्याने ठरवलं की कंपन्यांची कंत्राटं हळूहळू संपवायची, कारण त्याच महिन्यात खात्याच्याच तपासणीत दिसलं होतं की तिथे सुरक्षेच्या भानगडी सरकारी जेलपेक्षा जास्त. फेब्रुवारी 2017 मध्ये ते रद्द, जानेवारी 2021 मध्ये बायडननी परत आणलं, 20 जानेवारी 2025 ला ट्रम्पनी पुन्हा उडवलं. ह्या चार तारखा पाठ करा, आणि मुख्य म्हणजे हे सगळं फक्त केंद्राच्या जेलांपुरतं, राज्यांची जेलं आणि परदेशी लोकांना डांबायची सेंटर ह्यात नव्हतीच. समोरचा नेमका इथेच घसरतो, तिथेच पकडायचं.

विरोधात बोलायचं असेल तर माझ्या मते सगळ्यात दमदार मुद्दा इस्रायलचा. 2009 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने खाजगी जेलचा कायदाच रद्द केला, म्हणे माणसाचं स्वातंत्र्य काढून घ्यायचं काम नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला देता येत नाही. खर्चाच्या आकड्यांत तासभर भांडण्यापेक्षा हे बरं.

बाजूने बोलणार असाल तर फ्रान्स धरा, तिथे बऱ्याच जेलांत जेवण, सफाई, देखभाल कंपनीकडे पण पहारा सरकारी. इंग्लंडचं नाव घ्यायचं तर 1992 चं वोल्ड्स, तिकडचं पहिलं खाजगी जेल, पण तिथे तेव्हा पहारेकरीसुद्धा कंपनीचे होते, म्हणून दोन्ही एकाच दमात सांगू नका.

पंच गर्दीवर येतीलच. एनसीआरबीचा, म्हणजे गुन्हे आणि जेलांची आकडेवारी ठेवणाऱ्या केंद्राच्या खात्याचा, 2022 चा हिशोब सांगा, देशात 100 जागांमागे 131 कैदी, आणि चारातले तीन कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून सुरूच. मग विचारा, कंपनी आली तर कोर्टाच्या तारखा लवकर पडणार आहेत का?