इंदूरच्या खासदाराचा हिशेब कसा तपासायचा

आधी आपला खासदार कोण ते नक्की करा. महूत राहणारा माणूस जिल्ह्याने इंदूरचा असतो, पण लोकसभेला मत देतो धार मतदारसंघात. इंदूर लोकसभेत विधानसभेच्या आठ जागा येतात: इंदूर एक ते पाच, राऊ, सांवेर आणि देपालपूर. दुसरं म्हणजे, रामबागेतलं तुंबलेलं ड्रेनेज खासदाराच्या खात्यात लिहू नका. ते नगर निगमचं काम, त्यासाठी पार्षदाला, म्हणजे नगरसेवकाला, गाठा. खासदारासाठी तीन वह्या घाला: सभागृह, निधी आणि निवडणूक खर्च.

सभागृहाची वही

दोन ठिकाणं पुरतात. संसद डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर लोकसभा, मग सदस्य, मग नाव असं गेलं की प्रश्न आणि भाषणं मिळतात. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या संकेतस्थळावर हजेरी, प्रश्न, चर्चा आणि खासगी विधेयकं (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली) एकाच पानावर असतात, शेजारी देशाची आणि राज्याची सरासरीही. निवडणुकीच्या तोंडावर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे आकडे बहुतेक इथूनच उचललेले असतात, अर्धवट.

हजेरीचा आकडा सगळ्यात फसवा. खासदाराने त्या दिवशी हजेरी नोंदवली, एवढंच त्यातून कळतं. सभागृहात दहा मिनिटं बसले की सहा तास, ते त्यात नसतं. मंत्री, लोकसभा अध्यक्ष आणि विरोधी पक्षनेते हजेरी लावत नाहीत, आणि मंत्री किंवा अध्यक्ष प्रश्नही विचारत नाहीत. सुमित्राताई महाजन १९८९ ते २०१९ अशा सलग आठ वेळा इंदूरमधून निवडून आल्या. त्यातल्या २०१४ ते २०१९ या काळात त्या अध्यक्ष होत्या. तेव्हाचा प्रश्नांचा रकाना रिकामा आहे म्हणून 'ताईंनी काही विचारलंच नाही' असं कुणी म्हणालं, तर त्याला हा नियम माहीत नाही, इतकंच.

प्रश्न दोन प्रकारचे. तारांकित प्रश्नाला मंत्री उभं राहून तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. असे प्रश्न दिवसाला २० लागतात, पण प्रश्नोत्तराच्या तासात सगळ्यांपर्यंत गाडी पोहोचत नाही. उरलेल्यांना लेखी उत्तर मिळतं. अतारांकित दिवसाला २३०, सगळे लेखी. एका खासदाराच्या नावावर एका दिवशी जास्तीत जास्त पाच प्रश्न लागतात, त्यांत तारांकित एकच. कुणाचा प्रश्न लागणार हे सोडतीने ठरतं, त्यामुळे तारांकित कमी म्हणून खासदार ढिला, असा निष्कर्ष काढू नका. एकाच विषयावरचे अनेकांचे प्रश्न एकत्र बांधले जातात आणि प्रत्येकाच्या खात्यात एकेक जमा होतो. म्हणून एकूण बेरीज सोडा, दहा प्रश्न उघडून वाचा. किती आपल्या भागाचे आणि किती कुणीही कुठूनही विचारावेत असे, हे अर्ध्या तासात कळतं.

इंदूर-मनमाड रेल्वेचंच घ्या, इथल्या मराठी घरांचा हा जुना जिव्हाळ्याचा विषय. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या या मार्गाला मंजुरी दिली, अंदाजे खर्च १८,०३६ कोटी रुपये. शोधाच्या चौकटीत नुसतं 'मनमाड' टाकून भागत नाही. प्रश्नाचं शीर्षक बरेचदा 'नवीन रेल्वे मार्ग' असं मोघम असतं आणि मनमाडचा उल्लेख आत, उत्तराच्या पीडीएफमध्ये. रेल्वे मंत्रालय निवडा, अधिवेशन निवडा आणि पीडीएफ उघडत जा. त्यात भूसंपादन आणि झालेला खर्च हेच दोन आकडे पाहा आणि पुढच्या अधिवेशनातल्या उत्तरातल्या आकड्यांशेजारी लिहा. आकडे हलले नसतील, तर उत्तर कितीही लांबलचक असो, काम तिथेच आहे. हिंदी उत्तरात 'जानकारी एकत्र की जा रही है और सभा पटल पर रख दी जाएगी' हे वाक्य दिसलं तर तारीख टिपून ठेवा. ते आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, आणि त्याचा पाठपुरावा करायला शासकीय आश्वासन समिती आहे.

'चर्चेत सहभाग' या आकड्यात शून्य प्रहरातला (तातडीचे विषय मांडायच्या वेळेतला) मिनिटभराचा उल्लेख आणि नियम ३७७ खालचं (इतर नियमांत न बसणाऱ्या विषयावरचं) निवेदनही धरलेलं असतं. अर्थसंकल्पावरचं वीस मिनिटांचं भाषण आणि हे, दोन्ही मोजताना एकच.

कोणत्याच आकड्यात न येणारं काम म्हणजे स्थायी समित्या. खात्यांशी निगडित अशा २४ समित्या आहेत, प्रत्येकीत ३१ सदस्य. समितीचा अहवाल उघडून थेट शेवटी जा. तिथे बैठकांची कार्यवृत्तं असतात आणि प्रत्येकात हजर सदस्यांची नावं. हे कंटाळवाणं काम आहे, पण खासदाराची खरी मेहनत इथेच पकडता येते. मतदानाची नोंद मात्र शोधत बसू नका. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने होतात. कुणी मतविभागणी मागितली तरच नावानिशी नोंद राहते.

निधीची वही

खासदार निधी वर्षाला ५ कोटी. हे पैसे खासदाराच्या हातात येत नाहीत. ते कामाची शिफारस करतात, मंजुरी आणि काम करून घेणं जिल्हा प्रशासनाचं. म्हणून वहीत तीन तारखांचे रकाने पाडा: शिफारस, मंजुरी, पूर्णता. शिफारसच उशिरा गेली असेल तर जाब खासदाराला, शिफारस होऊन फाइल पडून असेल तर मोती तबेल्यातल्या कलेक्टर कचेरीला. हा फरक न केल्याने निम्मी भांडणं चुकीच्या दारात होतात.

एप्रिल २०२३ पासून हा सगळा व्यवहार ई-साक्षी पोर्टलवर चालतो. कामांची माहिती तिथून घ्या. महूतली कामं धारच्या खासदाराच्या नावाखाली शोधा. मग यादीतली दोन-तीन कामं निवडून प्रत्यक्ष जागेवर जा. निधीतून झालेल्या कामावर तशी पाटी लावणं बंधनकारक आहे. पाटी नसेल तर फोटो काढा. धार्मिक स्थळाच्या आवारातलं किंवा खासगी जमिनीवरचं काम दिसलं तर जास्त चौकशी करा, कारण अशी कामं या निधीत बसत नाहीत.

यादी अपुरी वाटली तर माहिती अधिकार. इथे मराठी माणूस हमखास चुकतो: अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेतच चालतो, म्हणजे इंदुरात मराठीत लिहू नका. मजकूर नेमका ठेवा: 'वित्तीय वर्ष २०२४-२५ में सांसद निधि से स्वीकृत कार्यों की सूची दें: कार्य का नाम, स्थान, अनुशंसा दिनांक, स्वीकृत राशि, भुगतान की गई राशि, पूर्णता दिनांक.' 'काम क्यों नहीं हुआ' असा सवाल विचारलात की उत्तर टाळायला वाव मिळतो. कागद मागा, कारण मागू नका. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. मध्य प्रदेशात त्याला ५० रुपये लागतात, केंद्राच्या कचेरीत काहीच नाही.

पगाराची वेगळी वही नको, कारण तो सगळ्यांना सारखा: १ एप्रिल २०२३ पासून दरमहा १,२४,००० रुपये, आणि अधिवेशनात हजेरी लावली तर दिवसाला २,५०० भत्ता. एखाद्या खासदाराच्या प्रवास भत्त्याची रक्कमच हवी असेल तर अर्ज लोकसभा सचिवालयाकडे करा.

निवडणूक खर्चाची वही

मध्य प्रदेशात लोकसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा ९५ लाख. २०१९ मध्ये ती ७० लाख होती. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो, आणि एक रुपया भरून तो कुणालाही पाहता येतो. रजिस्टरची पानं तीन रंगांची: पांढरी रोजच्या खर्चाची, गुलाबी रोख रकमेची, पिवळी बँकेची. पांढऱ्या पानावरचा मोठा खर्च पिवळ्या पानावर सापडतो का, हे आधी पाहा. मग जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याचा छाननी अहवाल मागा. प्रचारात खर्च निरीक्षकांची माणसं आपलं वेगळं रजिस्टर ठेवतात आणि तफावत तिथे उघडी पडते. पक्षाच्या खर्चाला मर्यादा नाही, आणि स्टार प्रचारकांचा प्रवास उमेदवाराच्या खात्यात धरत नाहीत. म्हणून दणदणीत सभा होऊनही आकडा लहान दिसू शकतो.

इंदूरच्या २०२४ च्या हिशेबाची तुलना करताना एक लक्षात ठेवा. त्या वेळी काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि २,१८,६७४ मतांसह 'नोटा' (वरीलपैकी कुणीही नाही) हा पर्याय दुसऱ्या क्रमांकावर राहिला. मुख्य प्रतिस्पर्ध्याचं रजिस्टरच नाही, म्हणून ताडून पाहायला २०१९ चं घ्या.