जुन्या स्पोर्ट्स कारचे नट-बोल्ट: या चुका टाळा

गाडी खोलली की नवशिक्यांचा एकच घोषा असतो: सगळे नट-बोल्ट क्रोम करून टाकू, खाऱ्या हवेची कटकट नको. क्रोम ही बंपर, ग्रिल अशा बाहेरच्या मोजक्या जागांची गोष्ट. १९५० च्या दशकातल्या ब्रिटिश गाडीच्या आत पाहा. कुठे कॅडमियमचा मंद राखाडी थर, कुठे काळपट फॉस्फेट, कुठे नुसतं तेल लावलेलं पोलाद, एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळकांड्यावर, पितळी नट. प्रत्येक जागेचं फिनिश त्या जागेच्या कामाचं असतं.

सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या तासात होतं. सगळे बोल्ट एका डब्यात, वर रॉकेल, हातात वायर ब्रश. मूळ फिनिश टिकलेलं असतं ते डोक्याखाली, वायसरच्या आडोशाला, आणि नेमकं तेच घासलं जातं. मी बोल्ट वायसरसकट जाड पुठ्ठ्यात खोचतो, शेजारी जागा लिहितो आणि दिवसाच्या उजेडात डोक्याखालची कड बघतो. मऊ, दुधट राखाडी झाक असेल तर बहुधा कॅडमियम. निळसर लखलखाट असेल तर मध्येच कोणीतरी झिंकचा बोल्ट घातलाय. खरखरीत काळपट असेल तर फॉस्फेट. एवढं कळेपर्यंत ब्रशला हात लावू नका. शिवाय कॅडमियम विषारी आहे. त्याची धूळ नाकात जाता कामा नये, आणि अडकलेला तसा बोल्ट गॅसच्या ज्योतीने कधीच तापवू नका. तो धूर जिवावर बेततो.

कॅडमियमच्या जागी मी झिंक करून घेतो, पण आधी बारीक काचेच्या मण्यांनी ब्लास्ट करून. पृष्ठभाग मंद राहतो, फार चमकत नाही. थर मात्र पातळच हवा. आट्यांवर ८ मायक्रॉन चढले की आट्यांचा मधला व्यास (पिच डायमीटर) साधारण त्या थराच्या चौपटीने वाढतो. मग नट जात नाही, आणि उतावळे लोक डाय (आटे पाडायचं अवजार) फिरवून सगळं प्लेटिंगच खरवडून काढतात.

दुसरं खूळ स्टेनलेसचं. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा ए२-७० बोल्ट ७०० मेगापास्कल ताण सोसणारा, साध्या पोलादाचा ८.८ ग्रेडचा ८०० सोसणारा. स्टिअरिंग, सस्पेन्शन, ब्रेक इथे मी तो घालूच देत नाही. एमजी टीडी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचा संप (तळाचं तेलाचं भांडं) ॲल्युमिनियमचा आहे. त्यात स्टेनलेस बसवून गाडी समुद्राच्या वाऱ्यात ठेवली की ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखं फुलतं आणि पुढच्या वेळी आटेच बोल्टबरोबर बाहेर येतात. त्याच इंजिनात आणखी एक मेख आहे: ८ मिमीच्या बोल्टचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मिमी, डोकं मात्र व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाच्या पान्याचं. बाजारातला साधा ८ मिमी बोल्ट १.२५ पिचचा. तो दामटून बसवला की ब्लॉकचे आटे गेले. म्हणून जुने बोल्ट जपा, त्यांनाच फिनिश द्या.

आता तिसरी चूक, जिच्यासाठी मी हे लिहायला बसलो. देवगडकडच्या एका तरुणाने टीडीच्या पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरला मूळ षट्कोनी बोल्टऐवजी १२.९ ग्रेडचे ॲलन बोल्ट (डोक्यात षट्कोनी खाच असलेले) घातले. ‘जास्त मजबूत’ म्हणून. ते काळे दिसत होते, म्हणून बाकीच्या ढिगाबरोबर ॲसिडमध्ये बुडवून झिंक करून आणले. बसवले, टॉर्क दिला (ठरलेल्या जोराने आवळले), गाडी शेडमध्ये उभी. सकाळी मला फोन: "काका, रात्री कोणी हातोडा मारला काय? बोल्टचं डोकं खाली पडलंय."

मी जाऊन ते डोकं उचललं. तुटलेली बाजू साखरेच्या खड्यासारखी कणीदार. पोलाद ताणलं गेल्याची खूण कुठेच नाही. ॲसिड आणि प्लेटिंगच्या वेळी हायड्रोजन पोलादात शिरतो आणि कडक पोलाद ठिसूळ होतं. बोल्ट लगेच तुटत नाही, आवळल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी तुटतो. तो पोरगा दुसऱ्या दिवशी आंबा घाट चढून कोल्हापूरला निघणार होता. सगळे बोल्ट तिथेच काढायला लावले आणि मूळ ग्रेडचे, मूळ फिनिशचे आणवले.

१०.९ आणि त्यावरचे बोल्ट मी इलेक्ट्रोप्लेटिंगला देतच नाही. द्यायचेच असतील तर प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत २०० अंशांच्या आसपास काही तास भट्टीत भाजून घ्यावे लागतात. प्लेटिंगवाला ‘बघू’ म्हणाला तर मी बोल्ट उचलून परत येतो.

बाकीच्या चुका पटकन. चंदेरी स्प्रे मारू नका. पाना लागला की सोलतो. इंजिन जोडल्यावर रंगवलेलं असेल तर त्यावरचे बोल्ट रंगाचेच ठेवा. कोरड्या बोल्टचा टॉर्क प्लेटिंगच्या गुळगुळीत बोल्टला जशाचा तसा देऊ नका, तो जास्त ताणला जातो.

आणि फॉस्फेट केलं म्हणजे गंज थांबला असं समजू नका. ते फक्त तेल धरून ठेवतं. कोकणातल्या पावसात कोरडं फॉस्फेट बघता बघता तांबूस होतं. मी मिरगाच्या आधी प्रत्येक डोक्यावर पातळ तेलाचा हात फिरवतो, गणपती झाले की पुन्हा एकदा.