चौघांच्या टेबलावर डेक का फसतो? कमांडर खेळताना या चुका टाळा

आखाजीला गावाकडं पत्त्यांचे डाव रंगतात, तेव्हा कॅट एकच असतो. वाटून आलेली पानं घ्यायची आणि खेळायचं. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाच्या कमांडर प्रकारात मात्र प्रत्येक जण शंभर पत्त्यांचा आपला डेक घरून बांधून आणतो. म्हणून निम्मा डाव टेबलावर बसायच्या आधीच ठरतो. आमच्या जळगावात जे नवे भिडू खेळायला बसतात, त्यांच्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच आहे: डेक दोघांच्या सामन्यासाठी बांधलेला असतो आणि खेळायला चौघं बसलेले असतात.

“सुरुवात जोरात होते, मग मी नुसता बघत बसतो”

ही अ‍ॅग्रो, म्हणजे झटपट हल्ला करणाऱ्या, डेकवाल्याची तक्रार. दोघांच्या नेहमीच्या खेळात समोरच्याचे 20 लाइफ संपवायचे असतात. इथं प्रत्येकाकडं 40, म्हणजे तिघांचे मिळून 120. छोटी क्रीचर (लढणारे पत्ते) भराभर उतरवून मारत सुटलं की पाचव्या टर्नला हात रिकामा होतो, आणि तिघंही तुमच्यावर डूख धरून बसतात.

नेमकं कुठं चुकतं ते बघा. टेबलावर तुमची सहा क्रीचर आहेत, हातात आणखी दोन. पांढऱ्या रंगाच्या डेकवाल्याकडं तीन लँड (माना, म्हणजे पत्ते खेळायची ऊर्जा, देणारे पत्ते) आहेत, पुढच्या टर्नला चौथी येणार. राथ ऑफ गॉड हा पत्ता चार मानात सगळ्यांची सगळी क्रीचर नष्ट करतो. अशा वेळी ती दोन उतरवायची नाहीत. सहांनी काम भागतंय ना? मग राहू द्या हातात. टेबल साफ झालं तर पुन्हा उभं राहायला तीच उपयोगी पडतील. डेक बांधतानाच पत्ते ओढून देणारे पत्ते वाढवा, आणि तिघांनाही एकदम मार बसेल असे पत्ते शोधा.

एकाच कमांडरवर, म्हणजे डेकच्या म्होरक्या पत्त्यावर, हत्यारं चढवून मारायचा डेक असेल तर हिशोब सोपा होतो, कारण एका कमांडरच्या हातून लढाईत 21 मार बसला की भिडू बाद. पण कमांडर मेला की पुढच्या वेळी दोन माना जास्त लागतात. चार मानाचा कमांडर तिसऱ्यांदा उतरवायला आठ माना लागतात, म्हणून त्याला वाचवणारे पत्ते आधी भरा.

“प्रत्येक गोष्ट अडवली, तरी हरलो”

कंट्रोल, म्हणजे दुसऱ्यांच्या चाली अडवायचा डेक, खेळणाऱ्यांची ही चूक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दोघांच्या सामन्यात समोरच्याचा एक स्पेल, म्हणजे त्यानं टाकलेला पत्ता, काउंटरस्पेलनं अडवला की दोघांचा एकेक पत्ता गेला, हिशोब बरोबर. चौघांत मात्र तुमचा एक गेला, त्याचा एक गेला, आणि बाकीचे दोघं फुकटात पुढं सरकले. मागच्या डावाचा राग मनात धरून एकाच भिडूची क्रीचर मारत राहिलात, की तो म्हणणारच, “मालेच काबर मारी राहिना, भो?” आणि त्याचं खरं असतं. एकास एक उत्तर फक्त डाव संपवणाऱ्या पत्त्यासाठी राखा. बाकीच्यासाठी बोर्ड वाइप, म्हणजे राथसारखे टेबल साफ करणारे पत्ते, ठेवा.

यातच दुसरी खोच आहे. कुणी कॉम्बोचा, म्हणजे एकत्र आले की डाव जिंकून देणाऱ्या पत्त्यांमधला, शेवटचा पत्ता टाकला की उत्तर द्यायची संधी टर्नच्या क्रमानं फिरते. “पुढचा अडवेल” म्हणून पहिला पास म्हणतो, दुसरा तिसऱ्यावर ढकलतो. तिसऱ्याकडं काही नसेल तर सगळे पास, स्पेल लागू, डाव खलास. तुमच्या नंतरच्या भिडूनं आपल्या निळ्या लँड (अडवणारे पत्ते बहुतेक निळेच असतात) आधीच वापरून टाकल्या असतील, तर वाट बघू नका.

कॉम्बोवाल्यानंही हेच उलट्या बाजूनं बघावं: टेबलावर मोकळ्या निळ्या लँड उभ्या असताना, सोबत एखादं संरक्षण नसेल, तर घाई करायची नाही.

“माना मिळतच नाही”

पत्ते नीट पिसले नाहीत असं सगळे म्हणतात. आधी लँड मोजा. कमांडर बाजूला ठेवला की 99 पत्ते उरतात. त्यात 30 लँड असतील तर चौथ्या टर्नपर्यंत दिसलेल्या अकरा पत्त्यांत सरासरी तीनच्या जरा वर लँड येतात; 37 असतील तर चार. आवडत्या ड्रॅगनसाठी लँड काढू नका. सुरुवातीच्या सात पत्त्यांत दोनच लँड आल्या, तर पहिला मुलिगन (हातातले पत्ते परत देऊन नवे घेणं) फुकट असतो, तो खुशाल घ्या.

“त्याचा डेकच भारी आहे”

हे खेळून झाल्यावर बोलण्यापेक्षा आधी बोला. मॅजिक बनवणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्टनं फेब्रुवारी 2025 मध्ये डेकच्या ताकदीचे पाच ब्रॅकेट (स्तर) मांडले, त्यांचा वापर करा. इंटरनेटवरून जुनी यादी उतरवली असेल तर तीही तपासा. माना क्रिप्ट, ज्वेल्ड लोटस, डॉकसाइड एक्स्टॉर्शनिस्ट आणि नाडू यांच्यावर 23 सप्टेंबर 2024 ला बंदी आली. पैसे खर्चून पत्ते मागवायच्या आधी बंदीची ताजी यादी बघून घ्या. डेकमध्ये बंदीतला एखादा पत्ता सापडला तर त्याच्या जागी लँड टाका.