कॅलगरीतल्या ऑक्टोबरचं ग्रीनहाऊस: या चुका टाळा

पहिल्या वर्षी ऑक्टोबरमधल्या एका सकाळी ग्रीनहाऊसचं दार उघडलं, तर आत पाऊस पडत होता. बाहेर आभाळ निरभ्र, गवतावर पांढरं हिम, पारा उणे चारवर. आणि आत छताच्या पॉलिकार्बोनेटवरून, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्यावरून, थेंब थेट मिरच्यांवर टपटपत होते. थर्मामीटर अकरा अंश दाखवत होता, म्हणून मी खूश होतो. आठवड्याभराने टोमॅटोच्या खोडावर, जिथून पान तोडलं होतं तिथे, करडी लव दिसली. बोट लागताच धुरासारखी भुकटी उडाली. दहा दिवसांत निम्मी झाडं उपटावी लागली. थंडीने त्यातलं एकही गेलं नव्हतं. सगळी गेली बुरशीने, आणि ती बुरशी मीच पोसली होती.

आम्ही मूळचे निफाडकडचे. तिकडे पारा घसरला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, त्यामुळे थंडी हा शत्रू अशी शिकवण अंगातच मुरलेली. इथेही मी फटी बुजवल्या, दार घट्ट लावलं आणि हीटर चालू केला. कॅनडातल्या कॅलगरीत पहिलं हिम, म्हणजे गोठलेलं दंव, साधारण सप्टेंबरच्या मध्याला पडतं, कधी त्याही आधी. २०१४ साली तर ८ ते १० सप्टेंबरला इतका ओला बर्फ पडला की शहरातली हिरवीगार झाडं मोडून पडली. अशा गावात थंडीची धास्ती वाटणारच. पण त्या धास्तीपायी आपण ग्रीनहाऊसला प्रेशर कुकर करून ठेवतो, आणि बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात.

झरोके बंद ठेवणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून हिच्यावर जरा रेंगाळतो.

वीस अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम बाष्प मावतं, पाच अंशांना जेमतेम ७ ग्रॅम. दुपारच्या उन्हात माती आणि पानं हवेत पाणी सोडत राहतात. सूर्य कलला की हवा निवते आणि तेच पाणी छतावर, पानांवर, फळांवर उतरतं. करड्या बुरशीला, म्हणजे बोट्रायटिसला, हेच हवं असतं: पंधरा-वीस अंशांचा गारवा, काही तास टिकणारी ओल आणि एखादी जखम किंवा सुकलेलं फूल.

यावर सगळे एकच विचारतात, ‘बाहेर धुकं असताना झरोका उघडून काय होणार? ओलीच हवा आत येईल ना?’ तसं होत नाही. शून्य अंशाच्या धुकट हवेत घनमीटरमागे पाचेक ग्रॅमच पाणी असतं. ती आत येऊन पंधरा अंशांना तापली की तिची आर्द्रता चाळीस टक्क्यांच्याही खाली जाते. हात गारठवणारी ती हवा झाडांच्या हिशेबाने कोरडी ठणठणीत असते.

आणि खर्च? सहा बाय आठ फुटांच्या ग्रीनहाऊसमध्ये साडेनऊ घनमीटरच्या आसपास हवा असते. ती सगळी बदलून पंधरा अंशांनी तापवायला जेमतेम एक विसांश युनिट वीज पुरते. उष्णता खातं ते छप्पर आणि भिंती, पाच मिनिटं उघडलेला झरोका नव्हे. हे गणित मला मामांनी फोनवर, एकही आकडा न सांगता, शिकवलं होतं: “अरे, झाडं कोंडून काय ठेवतोस? दुपारून उघडी टाक की जरा!” मी मात्र आधी निम्मी झाडं घालवली आणि मग ऐकलं.

आता माझा नेम असा. सूर्य मावळायच्या तासभर आधी हीटर चालू करून वरचा झरोका आणि दार पाच-दहा मिनिटं सताड उघडायचं. गरम हवा पाणी घेऊन बाहेर जाते. मग बंद. सकाळी ऊन छतावर यायच्या आधी हीटरने हळूहळू तापवायला घ्यायचं. हवा चटकन तापते, पण टोमॅटोचं फळ तास-दोन तास थंडच राहतं, आणि उबदार ओल्या हवेत थंड फळाला फ्रिजमधून काढलेल्या तांब्यासारखा घाम फुटतो. एक लहान पंखा दिवसरात्र चालू ठेवायचा. तो झाडांवर रोखायचा नाही, भिंतीच्या कडेने हवा फिरती राहील असा लावायचा.

जुनी पानं तोडायची ती उशिरा सकाळी, कोरड्या दिवशी आणि खोडालगत. खुंट ठेवला की बुरशीला तिथे आसरा मिळतो. लव धरलेला भाग न हलवता पिशवीत घेऊनच कापा आणि पिशवी बांधून बाहेर न्या. आतल्या कंपोस्टच्या डब्यात तो चुकूनही टाकू नका.

बार्बेक्यूच्या सिलिंडरवर चालणारा हीटर

वीज महाग म्हणून काही जण धुराडं नसलेला प्रोपेन हीटर आत ठेवतात. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं. नऊ किलोचा सिलिंडर संपेपर्यंत तुम्ही ग्रीनहाऊसमध्ये जवळजवळ पंधरा लिटर पाणी ओतलेलं असतं, वाफेच्या रूपात. शिवाय नीट न जळणाऱ्या ज्योतीतून इथिलीन नावाचा वायू सुटतो, त्याने टोमॅटोची पानं खाली वळतात आणि फुलं गळतात. कार्बन मोनॉक्साइडचा धोका तर थेट तुमच्या जिवाला.

विजेचा हीटर बरा, पण त्याचाही हिशेब आधी करा. सहा बाय आठचं, चार मिलिमीटर जाडीच्या दुहेरी पॉलिकार्बोनेटचं ग्रीनहाऊस बाहेरपेक्षा दहा अंश उबदार ठेवायला आठशे-नऊशे वॉट लागतात. १५०० वॉटचा हीटर कागदावर सतरा-अठरा अंशांचा फरक राखेल, फटी धरल्या तर त्याहून कमी. म्हणजे उणे पंधराच्या रात्री मिरच्या वाचणार नाहीत, हे ऑगस्टमध्येच मान्य करून टाकावं. आणि हा हीटर इथल्या १२० व्होल्टवर साडेबारा अँपिअर खेचतो. घरातली बारीक एक्स्टेन्शन वायर त्याला जोडून झोपू नका. माझी एकदा हाताला चटका बसावा इतकी तापली होती.

काळ्या रंगाचं २०० लिटरचं पाण्याने भरलेलं पिंप मात्र जरूर ठेवा. त्यातलं पाणी दहा अंशांनी निवलं की सव्वादोन युनिटांहून थोडी जास्तच उष्णता परत मिळते, म्हणजे तोच हीटर दीड तास चालवल्यासारखं. फक्त झाकण लावा, नाहीतर तेही ओलीत भर घालतं.

जांभळी पानं पाहून खत घालणं

टोमॅटोच्या पानांची खालची बाजू जांभळट दिसली की ‘फॉस्फरस कमी पडला’ म्हणून खत ओतलं जातं. मातीत तो बहुतेकदा असतो. पण माती दहा अंशांच्या खाली गेली की मुळांना तो उचलता येत नाही. कुंडी थंड फरशीवरून उचलून लाकडी फळीवर किंवा थर्माकोलवर ठेवा. खताचे क्षार मात्र गारठलेल्या मुळांभोवती साचत जातात.

पाण्याचंही तसंच. जुलैमध्ये रोज लागायचं म्हणून ऑक्टोबरमध्येही रोज घालायचं नाही. कुंडी उचलून पाहा, हलकी लागली तरच घाला, तेही सकाळी, नळाचं बर्फगार पाणी कोमट करून.

सगळंच जगवण्याचा हट्ट

मिरची बारा-तेरा अंशांच्या खाली वाढायची थांबते. झाड हिरवं दिसतं, एवढंच. त्यात उजेडही आटतो. कॅलगरीत ऑक्टोबर संपताना दिवस दहा तासांपेक्षा लहान होतो आणि २१ डिसेंबरला आठ तासही भरत नाही. अशा वेळी मिरचीवर वीज जाळण्यापेक्षा मेथी, पालक, कोथिंबीर धरावी. यांना हलकं हिम सोसतं. पण पेरणी ऑगस्टच्या मध्यापर्यंत झालेली हवी, कारण ऑक्टोबरमध्ये ती वाढत नाहीत, नुसती ताजी उभी राहतात आणि आपण खुडत राहायचं. कढीपत्ता मात्र सप्टेंबरमध्येच घरात घ्या. पानांच्या मागे मावा, पांढरी माशी आहे का ते पाहून घ्या, नाहीतर जानेवारीत ती सगळी स्वयंपाकघराच्या खिडकीत नांदताना दिसतील.

चिनूकला विसरणं

रॉकी पर्वतरांगेवरून चिनूक नावाचा उबदार वारा उतरला की काही तासांत पारा वीस अंशांनी चढू शकतो. दार बंद करून ऑफिसला गेलात तर दुपारी उन्हात आत पस्तीस अंश. मेणाच्या नळीवर (आतलं मेण तापून फुगलं की) आपोआप उघडणारा झरोका इथे उपयोगी, पण तो सावकाश मिटतो आणि जोराच्या झोताने बिजागरीसकट उखडला जातो. त्याला साखळी लावा. कमाल-किमान थर्मामीटर झाडांच्या उंचीवर, सावलीत टांगा. उन्हातला किंवा हीटरजवळचा थर्मामीटर खोटं बोलतो.

एकेरी प्लास्टिकचं ग्रीनहाऊस असेल तर आणखी एक. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री ते कधीकधी बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतं, कारण साध्या पॉलिथिनमधून जमिनीची उष्णता सरळ आभाळाकडे निघून जाते. अशा रात्री झाडांवर आतूनच एक पातळ कापड टाका आणि सकाळी काढा. काढायला विसरलात तर त्याखाली पुन्हा तीच ओल.

मी आता ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात टोमॅटोची झाडं उपटतो. रंग धरू लागलेली फळं घरात केळ्यांसोबत कागदी पिशवीत पिकतात. जी अगदी हिरवी, कडक राहतात, त्यांची शेंगदाण्याचं कूट, तीळ आणि लसूण घालून चटणी. हिरवी मिरची ग्रीनहाऊसमधलीच, शेवटची.